सोबतीला कोण?

साल्हेरच्या पायथ्याच्या पाड्यावरून कळा सुरू झालेली बाई निघते, तेव्हा तिचा रस्ता ठरलेला असतो. मोसम नदीचं खोरं उतरत मुल्हेर, मग ताहाराबाद आणि तिथून आरमकाठचं सटाणा. सटाण्यात ग्रामीण रुग्णालय आहे. तिथेही अडलं तर ‘रेफर’ करतात. मग मालेगावचं सामान्य रुग्णालय गाठायचं, नाहीतर सुमारे ९० किलोमीटरवरचं नाशिक. या बागलाण तालुक्यातल्या घरांत या प्रवासाचा हिशेब नवव्या महिन्यातच मांडला जातो. गाडी कोणाची, सोबत कोण जाणार, मागे जनावरांना पाणी कोण दाखवणार, कांदे लावायचे दिवस असले तर किती रोज बुडणार.

या रस्त्यावर गेल्या वीस वर्षांत सरकारने बरंच काही केलं, हे आधी मान्य करायला हवं. २००५ मध्ये जननी सुरक्षा योजना आली. २०११ मध्ये जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रम आला आणि सरकारी दवाखान्यातलं बाळंतपण, सिझर, औषधं, रक्त, जेवण आणि जाण्यायेण्याची गाडी कागदावर तरी मोफत झाली. आशा कार्यकर्ती दारात येऊ लागली, १०२ आणि १०८ हे आकडे लहान मुलांनाही पाठ झाले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात २००५-०६ मध्ये १०० पैकी सुमारे ६५ बाळंतपणं दवाखान्यात होत होती; २०१९-२१ मध्ये ती जवळजवळ ९५ झाली. दर लाख जिवंत जन्मांमागे दगावणाऱ्या मातांचं प्रमाण २००१-०३ मध्ये १४९ होतं, ते २०१८-२० मध्ये ३३ वर आलं. यातला प्रत्येक आकडा म्हणजे आईविना न राहिलेली लेकरं. हे यश लहान नाही.

पण हे सगळे आकडे दवाखान्याच्या दाराशी येऊन थांबतात. बाई आत गेली, नोंद झाली, जिवंत बाहेर आली, की रकाना भरला. मधल्या तासांत तिच्याशी कोण कसं बोललं, तिला कोणी हात लावण्याआधी विचारलं का, तहान लागली तेव्हा पाणी मिळालं का, याला रकाना नाही. आणि गावात परत आल्यावर बाई सांगते ते नेमकं त्या तासांबद्दल. हिमोग्लोबिन किती होतं हे ती विसरते. सिस्टर काय म्हणाल्या हे ती सून आणेपर्यंत विसरत नाही.

काय म्हणतात, हे महाराष्ट्रातल्या बहुतेक बायकांना ठाऊक आहे, म्हणून आडपडदा न ठेवता लिहितो. ‘नवऱ्याजवळ गेलीस तेव्हा नाही ओरडलीस, आता कशाला ओरडतेस?’ शब्द थोडे बदलतात, भाषा बदलते, पण हा टोमणा भारतभरच्या अभ्यासांत पुन्हापुन्हा सापडतो. त्याच्या आगेमागे मांडीवर चापट, ‘पाय फाक’ असा तुकडा, ‘बाळाला काही झालं तर आमच्यावर येऊ नकोस’ अशी धमकी. चौथी खेप असेल तर ‘अजून किती काढणार?’ आदिवासी पाड्यावरची असेल तर अंघोळीवरून, कपड्यांवरून एखादा शेरा. अमेरिकेतल्या डायना बाउझर आणि कॅथलीन हिल यांनी २०१० मध्ये जगभरच्या अशा वागणुकीचा आढावा घेतला आणि तिचे सात प्रकार पाडले. मारहाण आणि अपमान त्यात आहेतच. पण संमतीशिवाय केलेले उपचार, चारचौघांत उघडं ठेवणं, जात-धर्म-गरिबी पाहून दुजाभाव, ऐन वेळी एकटं सोडून देणं आणि बिल भरेपर्यंत अडकवून ठेवणं हेही आहे. त्यातलं ‘एकटं सोडून देणं’ मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. त्याकडे नंतर येतो.

हा गरीब देशांचा किंवा सरकारी दवाखान्यांचाच रोग आहे असं समजून खाजगीत गेलेल्यांनी निर्धास्त होऊ नये. अमेरिकेत ‘लेडीज होम जर्नल’ या घरोघरी जाणाऱ्या मासिकात १९५७ च्या अखेरीस एका परिचारिकेचं निनावी पत्र छापून आलं. प्रसूतिकक्षांत बायकांना कसं वागवलं जातं याची चौकशी करा, असं तिचं म्हणणं होतं. त्यावर बायकांच्या पत्रांचा पाऊस पडला आणि मे १९५८ च्या अंकात मासिकाला ती छापावी लागली. टेबलाला हात-पाय पट्ट्यांनी बांधले, डॉक्टर पोहोचेपर्यंत बाळंतपण रोखून धरलं, तासन्‌तास कोणी फिरकलं नाही. ही सगळी तक्रार जगातल्या सर्वांत श्रीमंत देशातल्या मध्यमवर्गीय बायकांची होती. तिथल्या सुधारणांना जो जोर मिळाला, त्यात या पत्रांचा वाटा मोठा आहे.

अलीकडचा सर्वांत काटेकोर अभ्यास २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. घाना, गिनी, नायजेरिया आणि म्यानमार या चार देशांत संशोधक प्रत्यक्ष प्रसूतिकक्षात बसून राहिले आणि २,०१६ बायकांची बाळंतपणं त्यांनी पाहिली. दर शंभरांत ४० हून अधिक जणींना मारहाण, शिवीगाळ किंवा भेदभाव सोसावा लागला. बाळाला वाट करून देण्यासाठी चिरा दिलेल्या २५३ जणींपैकी १९० जणींना आधी विचारलंच नव्हतं. कमी वयाच्या आणि कमी शिकलेल्या बायकांच्या वाट्याला हे जास्त आलं. माझ्या मते यातला सर्वांत बोलका निष्कर्ष वेळेचा आहे. ही वागणूक बाळंतपणाआधीच्या अर्ध्या तासापासून नंतरच्या पाव तासापर्यंत टोकाला पोहोचते. म्हणजे बाळाचं डोकं दिसू लागतं, ठोके कमीजास्त होतात, सगळ्यांची तारांबळ उडते, नेमक्या त्या पाऊण तासात. हे स्वभावाच्या दुष्टपणाचं वेळापत्रक वाटत नाही. भीतीचं वाटतं.

आणि भीती दोन्हीकडे असते. रात्रपाळीच्या सिस्टरची बाजू कोणी मांडत नाही, म्हणून इथे मांडतो. ग्रामीण रुग्णालयात तिच्या एकटीच्या अंगावर लेबर रूम असते, वॉर्ड असतो, अपघाताची केस आली तर तीही असते, आणि वर रजिस्टरांचा ढीग. बाळ रडलं नाही तर पहिला प्रश्न तिलाच विचारला जाणार, नातेवाईक तिच्याच अंगावर धावून येणार. तिला शिकवणाऱ्या सिस्टरनेही ओरडूनच बाळंतपणं केली होती. ओरडलं की बाई जोर लावते आणि बाळ वाचतं, यावर तिचा प्रामाणिक विश्वास असतो. मुंबईतल्या दोन रुग्णालयांचा एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानेही बोट ठेवलं ते एकट्यादुकट्या उर्मट कर्मचाऱ्यावर नाही, तर सगळ्या संस्थेच्या चालीरीतींवर. जिथे डॉक्टर सिस्टरला सगळ्यांसमोर झापतो, सिस्टर मावशीला झापते, तिथे शेवटी टेबलावरची बाई उरते. तिच्या खाली कोणी नसतं.

मग ओरडण्याने बाळ वाचतं का? इथे शरीरशास्त्राचं ऐकायला हवं. कळा येतात त्या ऑक्सिटोसिन या संप्रेरकामुळे. बाई निवांत असेल, अंधार-शांतता असेल, ओळखीचा हात असेल, तर ते नीट पाझरतं. भीती वाटली की ॲड्रेनलिन वाढतं. त्याचं काम पळून जाण्यासाठी किंवा लढण्यासाठी शरीर तयार करणं, म्हणून रक्त हातापायांच्या स्नायूंकडे वळतं आणि गर्भपिशवीचं काम मंदावतं. रानात व्यालेल्या हरणीला वाघाचा वास आला तर तिची कळ थांबावी, ही निसर्गाची सोय आहे. लेबर रूममध्ये वाघ नसतो, पण शरीराला ते कळत नाही. ग्रँटली डिक-रीड या ब्रिटिश डॉक्टराने १९३३ मध्येच लिहिलं होतं की भीतीने ताण वाढतो, ताणाने वेदना आणि वेदनेने पुन्हा भीती. त्याच्या काही कल्पना आज टिकत नाहीत, हे वर्तुळ मात्र टिकलं. म्हणजे आधी दरडावून कळा मंद करायच्या, मग त्या वाढवायला सलाइनमधून इंजेक्शन सोडायचं, असा हा उलटा व्यवहार होतो.

आडवं झोपवण्याचंही तसंच. उताणं झोपलं की भरलेली गर्भपिशवी पाठीच्या कण्याजवळच्या मोठ्या शिरेवर दाब देते, आईचा रक्तदाब उतरू शकतो आणि बाळाला रक्त कमी पोहोचतं. उकिडवं बसून, गुडघ्यांवर टेकून किंवा उभ्याने दोरीला धरून बाळंत होणं खेडोपाडी चालत आलं, कारण त्यात वजन खालच्या बाजूला मदत करतं. पाय वर बांधून उताणं झोपवणं हे बघणाऱ्याच्या सोयीचं आहे. चिमटा लावायचा किंवा टाके घालायचे असतील तेव्हा ती सोय हवीच. पण सगळ्यांना, सगळा वेळ, हे शास्त्रात कुठे लिहिलेलं नाही.

घाई कुठून आली तेही पाहा. इमॅन्युएल फ्रीडमन या अमेरिकी डॉक्टराने १९५० च्या दशकात न्यूयॉर्कमधल्या बायकांच्या कळांचे आलेख काढले आणि गर्भपिशवीचं तोंड तासाला साधारण एक सेंटिमीटर उघडावं असा संकेत रूढ झाला. सत्तरच्या दशकात त्यावरून कळांची प्रगती नोंदवायचा कागद, पार्टोग्राफ, तयार झाला. हा कागद उपयोगी होता, अडलेली बाई वेळेत पुढे पाठवायला त्याने मदत केली. पण ‘एक तास, एक सेंटिमीटर’ हा नियम होऊन बसला आणि हळू उघडणारी प्रत्येक बाई आळशी किंवा ‘सहकार्य न करणारी’ ठरू लागली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या मार्गदर्शिकेत हा नियम काढून टाकला. खऱ्या कळा पाच सेंटिमीटरपासून मोजा, आई आणि बाळ ठीक असतील तर केवळ घड्याळ पाहून हस्तक्षेप करू नका, सरसकट चिरा देऊ नका, पोटावर दाबून बाळ ढकलू नका, असं तिथे स्पष्ट म्हटलं आहे. २०२० मध्ये संघटनेने पार्टोग्राफच्या जागी नवा कागद आणला. त्यात बाळाच्या ठोक्यांच्याही वरच्या ओळींत चार प्रश्न आहेत. सोबत कोणी आहे का, वेदना कमी करायला काही केलं का, पाणी पाजलं का, बाई कोणत्या स्थितीत आहे. आदराचा मुद्दा उपदेशातून निघून केसपेपरवर आला, ही मला या सगळ्या इतिहासातली मोठी गोष्ट वाटते. कारण दवाखान्यात जे लिहावं लागतं तेच केलं जातं.

आता सोबतीबद्दल. घरच्या बाळंतपणाचे गोडवे मी गाणार नाही. धनुर्वाताने गेलेली पोरं आणि वार अडकून रक्त जाऊन मेलेल्या बायका ज्या घरांनी पाहिल्या, ती घरंही गाणार नाहीत. पण त्या बाळंतपणात एक गोष्ट होती. बाई एकटी नसायची. सुईण पुढे, आई किंवा जाऊ मागे पाठीला पाठ लावून, एखादी म्हातारी तेल चोळत. दवाखान्याने जंतू बाहेर ठेवले, त्याबरोबर या बायकाही बाहेर ठेवल्या. दार बंद झालं आणि आयुष्यातल्या सर्वांत अवघड तासांत बाई पहिल्यांदाच अनोळखी माणसांत एकटी पडली.

याची किंमत १९८० मध्ये ग्वाटेमालात मोजली गेली. तिथल्या एका मोठ्या सरकारी रुग्णालयात नातेवाइकांना आत सोडत नसत. सोसा, केनेल आणि क्लाउस या डॉक्टरांनी काही बायकांसोबत एक अनोळखी, कसलंही वैद्यकीय शिक्षण नसलेली बाई बसवली. तिचं काम एवढंच की पाठ चोळायची, हात धरायचा, बोलत राहायचं. सोबत मिळालेल्या बायका दाखल झाल्यापासून सरासरी पावणेनऊ तासांत बाळंत झाल्या. एकट्या असलेल्यांना एकोणीस तासांहून जास्त लागले. बायकांची संख्या थोडी होती, तेवढ्यावरून कोणी डंका पिटू नये. पण नंतर जगभर असे प्रयोग झाले. १७ देशांतले २६ अभ्यास आणि १५ हजारांहून अधिक बायका एकत्र मांडून २०१७ मध्ये जो आढावा आला, त्याचा निष्कर्ष तोच निघाला. सतत कोणी सोबत असेल तर नैसर्गिक बाळंतपणाची शक्यता वाढते, सिझर कमी होतात, कळांचा काळ थोडा घटतो आणि बाळंतपणाची वाईट आठवण घेऊन घरी जाणाऱ्या बायका कमी होतात. एखाद्या गोळीचा असा गुण असता तर तिची जाहिरात सटाण्याच्या बसस्थानकावर लागली असती.

बागलाणात या सोबतीचा आणखी एक उपयोग आहे. पश्चिमेकडच्या पाड्यांवर कोकणी आणि भिल्ल घरं आहेत, सपाटीच्या गावांत अहिराणी चालते. रात्रपाळीचा डॉक्टर मराठवाड्यातून किंवा कोकणातून बदलून आलेला असू शकतो. ‘मनं पोट दुखस’ एवढं त्याला कळेल, पण कळ कुठून सुरू होते, मागच्या खेपेला काय झालं होतं, पाणी कधी गेलं, हे वेदनेत असलेल्या एकोणीस वर्षांच्या मुलीकडून काढून घ्यायला मध्ये तिची आई लागते. दारात बसलेली ती म्हातारी म्हणजे चालतीबोलती केस हिस्टरी असते आणि आपण तिला बाकावर बसवून ठेवतो.

तमिळनाडूने २००४ मध्येच सरकारी रुग्णालयांत सोबतीला बाई आत घ्यायला सुरुवात केली. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०१६ मध्ये देशभरासाठी तसं परिपत्रक काढलं. डिसेंबर २०१७ मध्ये ‘लक्ष्य’ हा प्रसूतिकक्ष सुधारण्याचा कार्यक्रम आला, त्यात सोबत, पडदा, हव्या त्या स्थितीत बाळंत होण्याची मुभा आणि अपशब्द-मारहाण बंद, या गोष्टींना गुण आहेत. तपासणीत पास झालेल्या रुग्णालयाला पैसेही मिळतात, जिल्हा रुग्णालयाला तीन लाख आणि ग्रामीण पातळीवरच्या रुग्णालयाला दोन लाख रुपये. तरीही अनेक ठिकाणी दार बंदच का? उत्तर फार साधं आहे. एका खोलीत दोन टेबलं आणि मध्ये पडदा नाही. एकीची आई आत आली तर दुसरी उघडी पडते. मग सिस्टर दोघींच्याही आयांना बाहेर काढते, आणि तिच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं. सरकवायचा पडदा, एक स्टूल, धुतलेल्या चपलांचा जोड. हजारो रुपयांचं यंत्र खरेदी होतं, त्या यादीत पडदा बसत नाही.

एक गोष्ट आतल्या माणसांनीही बोलावी अशी आहे. सोबत आली की साक्षीदार येतो, आणि काहींना तो नको असतो. पण ज्या रुग्णालयांनी दार उघडलं तिथल्या परिचारिका सांगतात की बाहेरचा गोंधळ त्यानेच कमी होतो. आत काय चाललंय हे बाहेरच्यांना कळत राहिलं की संशय वाढत नाही.

मराठी माणसाला हे सगळं परदेशातून शिकावं लागेल असं मुळीच नाही. १८६३ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात स्वतःच्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. फसवल्या गेलेल्या विधवांसाठी ते होतं. इथे या, गुपचूप आणि सुखरूप बाळंत व्हा, मूल न्यायचं की ठेवायचं हे तुमचं तुम्ही ठरवा, अशा आशयाची पत्रकं त्यांनी लावली. आज ज्याला आपण खाजगीपणा, भेदभावरहित सेवा आणि बाईचा निर्णय म्हणतो, ते तीनही त्यात आले. चौकशी नाही, नैतिकतेचं व्याख्यान नाही. तिथे बाळंत झालेल्या काशीबाई या विधवेचा मुलगा, यशवंत, फुले दांपत्याने १८७४ मध्ये दत्तक घेतला; तो पुढे डॉक्टर झाला. आज कुमारी माता दवाखान्यात आली की आपल्याकडे जी कुजबुज सुरू होते, ती ऐकली की १८६३ साल पुढे होतं की मागे, असा प्रश्न पडतो.

गडचिरोलीत डॉ. राणी आणि अभय बंग यांनी १९८६ मध्ये ‘सर्च’ ही संस्था सुरू केली, तेव्हा आदिवासी दवाखान्याला का बिचकतात हे त्यांनी आधी विचारलं. मोठ्या इमारती, पांढरे कपडे, आपलं कोणी जवळ नसणं, अशी कारणं पुढे आली. म्हणून पुढचं रुग्णालय गोंड गावासारख्या झोपड्यांचं झालं, त्याला दंतेश्वरी देवीचं नाव मिळालं, आणि नातेवाइकांनी जवळ राहायची सोय त्यातच आखली गेली. राज्य सरकारनेही २०१०-११ पासून आदिवासी भागांतल्या काही प्राथमिक आरोग्य केंद्रांत ‘माहेरघर’ ठेवलं आहे. तारीख जवळ आली की गरोदर बाईने तिथे आधीच येऊन राहायचं, लहान मूल आणि एक नातेवाईक सोबत आणायचं. नाव फार नेमकं आहे. पहिल्या बाळंतपणाला मुलगी माहेरी का जाते, हे ज्याला ठाऊक होतं त्यानेच ते ठेवलं असणार.

संमतीचा मुद्दा मात्र माहेरानेही सुटत नाही. आपल्याकडे बाळंतपणाच्या कागदावर सही कोण करतं? नवरा. तो शेतात किंवा बाहेरगावी असेल तर सासरा, भाऊ, गाडीवाल्याबरोबर आलेला कोणी पाहुणा. जिच्या पोटाला चिरा जाणार ती तिथेच असते, शुद्धीवर असते, अठरा वर्षांवरची असते. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये समीरा कोहली खटल्यात हे स्वच्छ केलं. त्या प्रकरणात तपासणीसाठी भूल दिलेल्या बाईची गर्भपिशवी आणि बीजकोश काढून टाकले गेले होते आणि संमती घेतली होती बाहेर बसलेल्या तिच्या आईची. न्यायालयाने म्हटलं की बाई सज्ञान आहे, जिवाला तातडीचा धोका नव्हता, तेव्हा तिच्याऐवजी आईची संमती चालत नाही. आणि तपासणीची संमती म्हणजे शस्त्रक्रियेची संमती नव्हे. हाच न्याय आतल्या तपासणीला लागतो, चिऱ्याला लागतो, आणि बाळंतपणानंतर लगेच बसवल्या जाणाऱ्या गर्भनिरोधक तांबीला तर नक्कीच लागतो. तांबी हे चांगलं साधन आहे. घरी गेल्यावर सहा महिन्यांनी रक्तस्राव का होतोय म्हणून आलेल्या बाईला ती बसवली असल्याचं तेव्हा कळत असेल, तर साधन कितीही चांगलं असो, तो प्रकार चुकीचा आहे.

विचारायला वेळ कुठे असतो, हा त्यावरचा नेहमीचा सवाल. ‘आता तपासते बरं का ताई, कळ ओसरू दे, मग हात लावते.’ हे म्हणायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून पाहावं. रक्त वाहतंय, ठोके बुडतायत अशा वेळी कोणीच व्याख्यानाची अपेक्षा करत नाही. पण प्रत्येक बाळंतपण तसं नसतं, बहुतेक नसतातच.

पैशांबद्दल थोडक्यात. सगळं मोफत असताना मुलगा झाला की ‘पेढ्यांचे’ द्यावे लागतात आणि मुलगी झाली की कमी द्यावे लागतात, हे सगळ्यांना माहीत आहे. २०१९ च्या ‘सुमन’ योजनेत सन्मानाने, विनाखर्च आणि नकाराशिवाय सेवेची हमी दिली आहे. हमी आणि पेढे एकाच इमारतीत नांदतात.

सरकारी माणसाच्या वागणुकीच्या बाबतीत सटाणा हे वेगळंच गाव आहे. इथलं ग्रामदैवत सरकारी नोकर होतं. बागलाणचे मामलेदार यशवंतराव भोसेकर यांनी १८७०-७१ च्या दुष्काळात सरकारी खजिना लोकांना वाटला. रक्कम एक लाख सत्तावीस हजार रुपये होती असं सांगतात. लोकांनी त्यांना देवमामलेदार केलं, देऊळ बांधलं, आजही यात्रा भरते. सरकारी कचेरीत माणसासारखी वागणूक मिळाली तर हा मुलूख ती दीडशे वर्षं लक्षात ठेवतो. वाईट वागणूकही तितकीच लक्षात राहत असणार, तिचं देऊळ होत नाही एवढंच. एका बाईला टेबलावर चापट बसली की त्या पाड्यावरच्या पुढच्या चार बायका ऐन वेळेपर्यंत घरीच थांबतात, आणि मग रस्त्यात गाडीतच बाळंत होतात. ‘उशिरा का आणलं?’ म्हणून पुन्हा बोलणी त्यांनाच बसतात.

ही वागणूक बदलावी म्हणून शिकवण्याच्या पातळीवर हालचाल सुरू आहे. मुंबईच्या ‘सेहत’ या संस्थेने वैद्यकीय शिक्षण खात्याबरोबर काम करून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात स्त्री-पुरुष भेदाचं भान आणण्याचे धडे तयार केले. २०१९ पासून देशभरच्या एमबीबीएस अभ्यासक्रमात संवाद आणि नीती हा विषयही आला. पण विद्यार्थी शिकतो ते शेवटी वरिष्ठांचं पाहून. सकाळच्या राउंडला पडदा न ओढता दहा मुलांनी एकामागोमाग एकाच बाईची तपासणी केली, तर आदल्या दिवशीचा नीतीचा तास वाया गेला.

आठव्या-नवव्या महिन्यातल्या बाईने आणि तिच्या घरच्यांनी काय करावं, ते सांगून हे प्रकरण थांबवतो. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची खास तपासणी असते. कळा नसताना, डोकं शांत असताना, त्या दिवशीच विचारून ठेवावं की लेबर रूममध्ये सोबत कोणाला घेता. खाजगीतही हाच प्रश्न विचारावा, बिलाआधी. नाही म्हणाले तर २०१६ च्या केंद्राच्या परिपत्रकाचं नाव घ्यावं, आशाताईला पुढे करावं. परिपत्रकाच्या अटी सोप्या आहेत. सोबतीण शक्यतो स्वतः बाळंत झालेली असावी. खाजगीपणाची सोय असेल तिथे नवराही चालतो. सोबतिणीला संसर्गाचा आजार नसावा, कपडे स्वच्छ असावेत, बाळंतपण होईपर्यंत ती जागची हलणार नाही याची तयारी असावी, सिस्टरच्या कामात तिने हात घालू नये आणि शेजारच्या टेबलाकडे पाहू नये. तेव्हा घरात जी सर्वांत मोठ्याने बोलते तिला नेऊ नका, जिचा हात बाईला हवासा वाटतो तिला न्या, आणि ती कोण हे बाईलाच विचारा. निघण्याआधी तिला पोटभर जेवायला घाला, कारण सटाणा असो की मालेगाव, रात्र मोठी असू शकते.